मऊ शिशाची गोळी
(१२) कठीण गोळी अधिक परिणामकारक, हा समज ठासणीच्या रायफलीने खोटा ठरवला. १८४९ साली फ्रान्सच्या क्लोद-एतियेन मिनिए यांनी पोकळ बुडाची गोळी सिद्ध केली. ती नळीत सैल उतरे. बार उडताच बूड फुगून पिळदार खाचांत घट्ट बसे. त्यासाठी ब्रिनेल मापाने सुमारे ५ इतकेच कठीण, शुद्ध शिसे हवे. कथील वा अँटिमनी मिसळून ते कडक केले, की बूड पुरेसे फुगत नाही आणि नेम ढळतो.

परंतु अमेरिकी यादवी युद्धात हेच मऊ शिसे हाडावर आदळून पसरले आणि हजारोंचे हातपाय कापावे लागले. म्हणून या गोळीच्या अचूकतेचेच गोडवे गाणारा इतिहास मला अर्धवट वाटतो. ओतणाऱ्याने नेमासाठी निवडलेला मऊपणाच जखमेलाही कारण झाला.