दहा मिनिटांची सवड



पावसाळा लागला की आमच्या नेऱ्यात वारा सुटतो आणि वीज ये-जा करू लागते. गेल्या आषाढात अशीच क्षणभर गेली, संगणक बंद पडला आणि ह्यांच्या दुकानाच्या तीन महिन्यांच्या हिशेबाची फाईल उघडेचना. दोन रात्री जागून बिलांवरून सगळं पुन्हा भरलं.

"घरात इन्व्हर्टर आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. मलाही तेच वाटायचं! पण साधा इन्व्हर्टर बॅटरीवर येईपर्यंत किंचित खंड पडतो. पंख्याला तो कळतही नाही, संगणक मात्र बंद पडतो. यूपीएस काही मिलिसेकंदांत भार उचलतो.

माझं मत स्पष्ट आहे, मोठा घेऊ नका. ६०० व्हीएचा यूपीएस घरच्या संगणकाला साधारण दहा मिनिटं देतो. ती काम रेटायला नाहीत, फाईल सेव्ह करून नीट बंद करायला आहेत. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, इस्त्री तर नाहीच. राउटरला वेगळा छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास पुरतो. अडॅप्टरवरचे व्होल्ट (बहुधा १२) तेवढे जुळवून घ्या.

आणि जुनी बॅटरी रस्त्यावरच्या भंगारात देऊ नका. आत शिसं आणि आम्ल असतं. पाणी गाळून पिणाऱ्या घरातून ते मातीत, गाढी नदीत जावं? नवी घेताना जुनी दुकानदारालाच परत द्या. आमच्या इन्व्हर्टरची जिन्याखाली पडून आहे, रविवारी पनवेलला नेते.