छपरावरचा ‘उद्योजक’ आणि दहाची अट

बेकार तरुणाने नोकरी मागणारा होऊ नये, नोकरी देणारा व्हावे, हा उपदेश गेली काही वर्षे मंत्र्यांच्या भाषणांपासून महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. २०१५ साली मुद्रा कर्जयोजना आली. २०१८ च्या जानेवारीत पंतप्रधानांनी एका मुलाखतीत भजी विकणाऱ्याचे उदाहरण देऊन, हा रोजगार नव्हे काय, असा प्रश्न केला. त्याच उपदेशाच्या यादीत आता आणखी एक धंदा बसवला जात आहे : छपरे, गच्च्या आणि त्यांवरची सौर पॅनेले धुऊन देण्याचा. एक दाबाचा पंप, शंभर फूट नळी, एक शिडी आणि दोन हात एवढे असले की झाले. दुकान नको, पदवी नको, पागडी नको. तरुणाला याहून अधिक काय हवे, असे विचारले जाते.

या कामाची गरज खोटी नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. कोकणात आगोटीपूर्वी कौले परतणे, शेवाळ खरवडणे, पन्हळीतला पालापाचोळा काढणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. शहरात गच्चीच्या निचऱ्याची तोंडे तुंबली आणि भिंतीच्या सांध्यात पिंपळाने मूळ धरले, की खालच्या घरात पाणी गळू लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेले बसवण्याची योजना जाहीर केली, आणि पॅनेलवर धूळ साचली की वीज घटते. हे काम कुणीतरी करणार आहे आणि त्याला दाम मिळाले पाहिजे. आमचा विरोध या धंद्याला नाही. त्यात उतरणाऱ्या नवख्या माणसाला ‘मालक’ हे नाव देऊन त्याच्यावर जो बोजा लादला जातो, त्याला आहे.

हा मालक कसा असतो ते पाहू. समजा, त्याने मुद्रेच्या ‘शिशु’ गटात मिळू शकणारे ५०,००० रुपयांचे पूर्ण कर्ज काढले आणि ते १२ टक्के व्याजाने तीन वर्षांत फेडायचे ठरले. दरमहा हप्ता सुमारे १,६६० रुपये येतो. पण छपराच्या कामाचा खरा हंगाम पाऊस येण्यापूर्वीचे तीन महिने. जून ते सप्टेंबर ओल्या छपरावर चढणे म्हणजे मरणाला आमंत्रण. त्या काळात त्याला कोणी बोलावीत नाही आणि त्याने जाऊही नये. हप्ता मात्र बारा महिने येतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कमाईविना साडेसहा हजारांहून अधिक रुपये भरायचे असल्याने, उन्हाळ्यात मिळेल ते काम मिळेल त्या दराने घेणे त्याला भाग पडते.

येथेच या धंद्यातली खरी मेख आहे. आळीत असे चार नवखे ‘उद्योजक’ झाले की ते परस्परांचे दर पाडू लागतात. पंपाची किंमत कमी होत नाही, पाणी व वीज बहुधा घरमालकाची. मग काटकसर करायची कुठे? ती होते कमरेच्या पट्ट्यात, दोरात, शिडी धरणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या मजुरीत. शिडी धरायला मग धाकटा भाऊ येतो किंवा बायको येते आणि तिच्या श्रमाची नोंद कुठल्याच हिशेबात होत नाही. सुरक्षित काम करणारा महाग ठरतो व काम गमावतो. जो जीव धोक्यात घालतो त्याला ते मिळते. ज्या स्पर्धेचे गोडवे गायले जातात ती छपरावर या रूपात चालते.

त्यातून नवख्याला शिकवणार कोण? कौलावर पाय ठेवायचा तो मधोमध ठेवायचा नाही, खाली रीप-वाशाचा आधार असेल तेथे ठेवायचा, हे जुना गवंडी जाणतो. दाबाच्या पाण्याची धार खालून वर मारली तर ती कौलांच्या सांध्यातून आत शिरते, आणि फार जवळून मारली तर कौलाचा पृष्ठभाग खरडते. तापलेल्या पॅनेलवर भर दुपारी गार पाणी ओतले तर काच तडकू शकते; म्हणून ते काम सकाळी लवकर करायचे. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो व छाती जाळतो. हे ज्ञान पंपाच्या खोक्यातून मिळत नाही.

सर्वांत घातक ठरतो तो कारखान्यांच्या व गोदामांच्या छपरांवरचा सिमेंटचा पत्रा. बोली भाषेत त्याला सिमेंटचा म्हणत असले तरी जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ऊन-पावसाने तो ठिसूळ होतो आणि माणसाच्या वजनाखाली क्षणात फुटतो. उजेडासाठी मध्ये बसवलेला प्लास्टिकचा पत्रा धुळीने माखला, की शेजारच्या पत्र्याहून वेगळा ओळखूही येत नाही. बोल्टांच्या रांगेवरून चाल म्हणजे पत्रा फुटत नाही, एवढेच शिक्षण नवख्याला मिळते. ब्रिटनच्या सुरक्षा यंत्रणेने तर हीच रीत असुरक्षित म्हणून वर्ज्य ठरवली आहे. जो पडत नाही त्याच्याही छातीत कोरडे शेवाळ खरवडताना तंतू जातात, आणि त्यांचा आजार वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे आरोग्य हा त्यांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. परंतु तो खटला कारखान्यातल्या आणि खाणीतल्या कामगारांचा होता. तोच पत्रा छपरावर चढून धुणारा ‘उद्योजक’ कोणाच्या दारात उभा राहणार?

कायद्याकडे वळलो तर तेथे ‘दहा’ हा आकडा वाट अडवून उभा आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात दुरुस्ती व देखभालीची कामे येत होती. पण दहा किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या आस्थापनेलाच तो लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आणलेल्या सुरक्षाविषयक श्रमसंहितेतही सर्वसाधारण आस्थापनेसाठी दहाचीच मर्यादा आहे. कामगार राज्य विमा योजनेत कामावर जखमी झालेल्यास सक्तीच्या विश्रांतीच्या काळात वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. पण तेथेही सामान्यतः दहाचीच अट. छपरावर मात्र दहा माणसे कधीच चढत नाहीत. चढतो एक, फार तर दोन. पंधरा फुटांवरून पडणाऱ्याचे हाड पटावर किती माणसे आहेत हे पाहून मोडत नाही. कायदा मात्र आधी माणसे मोजतो.

वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा सरकारने दिलाच आहे, असे कोणी म्हणेल. प्रत्येकाने तो जरूर घ्यावा. पण तो विमा मृत्यूचा आणि कायमच्या अपंगत्वाचा आहे. मांडीचे हाड मोडून चार महिने अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या औषधपाण्याला आणि बुडालेल्या कमाईला त्यात स्थान नाही. मेलास तर दोन लाख, जगलास तर सावकार, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

हे सारे अपरिहार्य आहे काय? ब्रिटन हा काही समाजवादी देश नव्हे. तेथील उंचीवरच्या कामाचे २००५ चे नियम मालकाला लागू आहेत, काम करवून घेणाऱ्याला लागू आहेत आणि एकट्याने धंदा करणाऱ्यालाही लागू आहेत. त्यांचा क्रम साधा आहे : उंचीवर चढणे टाळता येत असेल तर टाळा, टाळता येत नसेल तर पडणे रोखा, तेही न जमले तर पडल्यावरची इजा कमी होईल अशी तजवीज करा. तेथेही उंचीवरून पडून माणसे मरतात, तरीही ‘तुम्ही किती जण आहात’ हा प्रश्न कायदा आधी विचारीत नाही.

आता आपल्या साथींविषयी. अशा धंद्यांचा विषय निघाला की आपल्यातले काही जण नाक मुरडतात. हा छोटा मालकवर्ग, त्याला ना कारखान्याचे फाटक ना हजेरीपट, त्याचे संघटन होणार कसे, असा त्यांचा सवाल असतो. त्यांना महाराष्ट्रातल्या श्रमिकांचाच इतिहास आठवून द्यावा लागतो. माथाडी कामगाराला तरी एक मालक कुठे होता? आज या गाळ्यावर, उद्या त्या बंदरावर पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला संघटित होता येणार नाही, हेच तेव्हाही सांगितले जात होते. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढा दिला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कामगार, मालक व शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ. मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात जमा. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार. मालक बदलला तरी कामगाराचे हक्क बदलत नाहीत, हे त्या कायद्याचे मर्म आहे. आणि छपरावर चढणाऱ्याची नेमकी गरज तीच आहे.

दुसरे उदाहरण पुण्याचे. कचरा वेचणाऱ्या स्त्रिया १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत एकत्र आल्या, आणि त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी २००८ साली पुणे महापालिकेने करार केला. समाजाने ज्यांना उकिरड्यावर ढकलले होते त्यांनी दारोदारचा कचरा उचलण्याचा मोबदला हक्काने घेतला. सफाईच्या धंद्यात नवखा माणूस एकटा उतरतो तेव्हा तो कंत्राटदाराचा चारा होतो. संस्थेत उतरतो तेव्हा त्याला दर मिळतो, हत्यारे सामायिक होतात आणि जाणत्याच्या हाताखाली काम शिकता येते.

यास्तव पक्षाने या प्रश्नावर स्पष्ट मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. पहिली, उंचीवरच्या कामाला दहाची अट लागू नसावी. छपरावर एक माणूस चढला तरी कायदा त्याच्याबरोबर चढला पाहिजे. दुसरी, जबाबदारी छपराच्या मालकाची व काम देणाराची असावी, मग ती गृहनिर्माण संस्था असो, कारखाना असो की पॅनेल बसवणारी कंपनी. तीन किलोवॉटच्या पॅनेलसाठी सरकार घरमालकाला ७८,००० रुपये अनुदान देते. त्याच छपरावर दोर अडकवण्याची भक्कम कडी व चालण्याची फळी बसवणे त्या अनुदानाची अट का असू नये? तिसरी, सिमेंटच्या पत्र्यावर दाबाची धार मारण्यास व कोरडे खरवडण्यास बंदी असावी आणि तिचा आरंभ सरकारी शाळा व गोदामांपासून व्हावा. चौथी, उंचीवर काम करणाऱ्यांसाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळ असावे आणि प्रत्येक बिलावर लेव्ही आकारली जावी. पाचवी, जिल्हा परिषदांच्या व नगरपालिकांच्या इमारतींची कामे अशा श्रमिकांच्या सहकारी संस्थांना प्राधान्याने मिळावीत.

कायदा होईतो वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या आगोटीपूर्वी आपल्या भागात छपराची कामे करणाऱ्यांची यादी करावी. त्यांना एकत्र बसवावे आणि दोर, पट्टा व शिडी धरणाऱ्याची मजुरी धरून किमान दर ठरवावा. त्याखाली कोणी काम घेणार नाही, असा शब्द परस्परांना द्यायला लावावा. जुन्या गवंड्यांना बोलावून नवख्यांना चार दिवस शिकवावे. हे काम लहान दिसेल, सभेला हार-तुरेही मिळणार नाहीत. पण जो तरुण आज कर्जाचा कागद खिशात घालून एकटाच शिडी चढतो आहे, त्याची शिडी धरायला आपण उभे राहिलो नाही, तर श्रमिकांचा पक्ष म्हणवून घेण्याचा आपला अधिकार उरत नाही.