सेंट झेवियरच्या ‘शवाची पूजा’ होते का? डीएनएच्या वादात मागे पडलेला मुद्दा

जानेवारी २०२३ मध्ये थायलंडहून आलेले शंभरहून अधिक बौद्ध भिक्खू परभणीहून पायी निघाले. सोबत भगवान बुद्धांचा अस्थिकलश होता आणि जायचं होतं मुंबईच्या चैत्यभूमीवर. वाटेत गावोगावी लोक फुलं घेऊन उभे होते. त्या कलशातल्या अस्थींची डीएनए चाचणी करा, असं कुणी म्हटलं नाही.

पुढच्याच वर्षी गोव्यात मात्र नेमकी तीच मागणी झाली. ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला गोव्याचे माजी संघप्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांची डीएनए चाचणी करावी, असं म्हटलं. ख्रिस्ती समाज रस्त्यावर उतरला, गुन्हा दाखल झाला, प्रकरण कोर्टात गेलं. सोशल मीडियावर दोन गट पडले. एका बाजूला ‘हे लोक मढ्याची पूजा करतात’ अशा पोस्ट, दुसऱ्या बाजूला ‘आमच्या सायबाचा अपमान’.

या गदारोळात साधा प्रश्न बाजूला राहिला. कॅथलिक लोक संतांच्या अवशेषांसमोर नेमकं करतात काय?

आधी गोष्ट समजून घेऊ

फ्रान्सिस झेवियर हे स्पेनच्या नवारा प्रांतात १५०६ मध्ये जन्मलेले जेझुइट धर्मप्रचारक. १५४२ मध्ये ते गोव्यात आले. ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांचं निधन झालं. शव आधी तिथेच पुरलं, मग मलाक्काला नेलं आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणलं. चुना घालून पुरलेलं शरीर कुजलं नव्हतं, असं त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. १६२२ मध्ये चर्चनं त्यांना संत घोषित केलं. आज त्यांचे अवशेष जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकामध्ये, १७ व्या शतकात गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेल्या चांदीच्या पेटीत आहेत.

साधारण दर दहा वर्षांनी ही पेटी खाली उतरवून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवतात. अलीकडचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला.

गैरसमज पहिला : ‘शवाची पूजा करतात’

याला थोडा हातभार भाषेनंही लावलाय. मराठी वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं या सोहळ्याला ‘शवप्रदर्शन’ म्हणत आली आहेत. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर शवागार येतं. चर्चचा शब्द आहे ‘पवित्र अवशेष’. आपल्याकडे आपण ‘अस्थिदर्शन’ म्हणतो तेव्हा ‘हाडांचं प्रदर्शन’ असं म्हणत नाही. फरक तिथूनच सुरू होतो.

चर्चची शिकवण यात स्पष्ट आहे. आराधना फक्त देवाची. संतांना मिळतो तो मान. इसवी सन ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेत हा भेद ठरवून दिला गेला. संतांकडे लोक मागणं मागतात, पण शिकवणीनुसार ते मागणं ‘आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना करा’ असं असतं. संत देतो असं नाही, संत शब्द टाकतो.

मग शरीर कशाला हवं? कारण ख्रिस्ती धर्मात मेलेल्यांचं पुनरुत्थान ही मूळ श्रद्धा आहे. शरीर म्हणजे टाकून दिलेलं कपडं नाही, ते देवाचं मंदिर होतं आणि पुन्हा उठणार आहे, असं मानतात. पहिल्या शतकांत हुतात्म्यांच्या कबरींवर जमून प्रार्थना करायची पद्धत पडली. पुढे चर्चच्या वेदीखाली संताचे अवशेष ठेवण्याची रीत आली.

अवशेष म्हणजे फक्त हाडं, असंही नाही. संताच्या शरीराचा भाग, त्यानं वापरलेली वस्तू आणि त्याच्या अवशेषांना स्पर्श केलेली वस्तू, अशी परंपरेनं वर्गवारी आहे. मराठी माणसाला दुसरा प्रकार सांगावा लागत नाही. आषाढी वारीच्या पालखीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकाच असतात.

गैरसमज दुसरा : ‘शव कुजत नाही, असा चर्चचा दावा आहे’

शव न कुजणं ही संत होण्याची अट नाही. झेवियर यांच्या शरीराबद्दल चमत्काराच्या कथा लोकांत खूप आहेत, पण आज दिसतात ते वाळलेले अवशेष आहेत आणि चर्चही त्यांना अवशेषच म्हणतं. शरीर पूर्णही नाही. १६१४ मध्ये उजव्या हाताचा पुढचा भाग काढून रोमला नेला. ज्या हातानं हजारोंना बाप्तिस्मा दिला तो हात, असा त्यामागचा भाव. आजच्या नजरेला हे विचित्र वाटतं. तेव्हा मात्र एका संताचं सान्निध्य अनेक गावांना मिळावं, याची ती रीत होती.

असाच गोंधळ अलीकडे इटलीच्या कार्लो अक्युटिसबद्दल झाला. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियानं गेलेला, संगणकात रमणारा हा मुलगा ७ सप्टेंबर २०२५ ला संत घोषित झाला. असिसीत काचेआड ठेवलेल्या त्याच्या देहाचे व्हिडिओ ‘शव कुजलंच नाही’ अशा मथळ्यांनी फिरले. तिथल्या चर्चनं आधीच सांगितलं होतं की शव तसं सापडलं नव्हतं आणि चेहऱ्यावर सिलिकॉनचा मुखवटा आहे.

गैरसमज तिसरा : ‘डीएनए केला की खरं-खोटं कळेल’

हे अवशेष झेवियर यांचे नसून श्रीलंकेतले १५ व्या शतकातले बौद्ध भिक्खू श्री राहुल यांचे आहेत, असा दावा अधूनमधून होतो. २०१४ च्या सोहळ्याच्या सुमारासही तो झाला होता.

डीएनए चाचणी चालते ती तुलनेवर. पावणेपाचशे वर्षांपूर्वी गेलेल्या, मूलबाळ नसलेल्या माणसाचा नमुना कशाशी जुळवायचा? रोममधल्या हाताशी जुळवला, तर दोन्ही एकाच शरीराचे आहेत एवढंच कळेल. तो माणूस कोण, हे कळणार नाही. ओळख पटवायला इतिहासकार कागद बघतात. शव मलाक्काहून गोव्यात आल्याच्या तारखा, १५५४ मध्ये व्हाइसरॉयच्या वैद्यानं ते तपासल्याची साक्ष, पुढच्या प्रत्येक हालचालीच्या नोंदी.

गंमत म्हणजे, हा सोहळा सुरू झाला तोच अफवेमुळे. १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेनं जेझुइटांना गोव्यातून हाकललं. जाताना त्यांनी शव पळवलं, अशी कुजबुज सुरू झाली. ती शमवायला फेब्रुवारी १७८२ मध्ये पेटी उघडून लोकांना दर्शन दिलं गेलं. हे पहिलं जाहीर प्रदर्शन. म्हणजे ‘आत आहे ते खरं कुणाचं?’ हा प्रश्न व्हॉट्सॲपच्या सव्वादोनशे वर्षं आधीचा आहे.

मग टीका करायचीच नाही का?

करायला हरकत नाही, आणि ती चर्चच्या आतूनही झाली आहे. मध्ययुगात युरोपात खोट्या अवशेषांचा मोठा बाजार होता. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिननं १५४३ मध्ये त्यावर अख्खी पुस्तिका लिहिली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं अवशेषांचा मान कायम ठेवला, पण त्यातली अंधश्रद्धा आणि कमाई बंद करा, असं बजावलं. पवित्र अवशेष विकायला चर्चच्या कायद्यात आजही सक्त मनाई आहे. तरी कार्लोच्या केसांचा ऑनलाइन लिलाव झालाच, आणि असिसीच्या बिशपांना तक्रार करावी लागली.

झेवियर यांच्याबद्दलचा इतिहासही वादाचा आहे. गोव्यात इन्क्विझिशन हवं, अशी मागणी त्यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्रातून केली होती. ते न्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये आलं आणि १८१२ पर्यंत चाललं. त्यात अनेकांचा छळ झाला. त्यावर बोलणं, लिहिणं, चर्चला प्रश्न विचारणं योग्यच आहे.

पण तो प्रश्न झेवियर यांनी काय केलं याचा आहे. पेटीतली हाडं कुणाची, हा वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. दोन्ही एकत्र केले की इतिहासाची चर्चा मागे पडते आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल तेवढी उरते.

वसमतला हे जवळचं का आहे?

वसमतच्या एका बाजूला परभणी, जिथून तो अस्थिकलश निघाला. वसमतसह हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीतच होता. दुसऱ्या बाजूला नांदेड. तिथे गुरू गोविंदसिंग यांच्यावर १७०८ मध्ये जिथे अंत्यसंस्कार झाले, त्या जागेवर सचखंड श्री हजूर साहिब उभं आहे आणि गुरूंची शस्त्रं तिथे जपून ठेवली आहेत. शीख धर्म मूर्तिपूजा मानत नाही, तरी त्या शस्त्रांचं दर्शन होतं. जिल्ह्यातच संत नामदेवांचं नर्सी. आणि दर ६ डिसेंबरला इथून चैत्यभूमीकडे निघणारी गर्दी बाबासाहेबांच्या अस्थींसमोर डोकं टेकवते.

या सगळ्या परंपरा एकच नाहीत. बौद्ध धम्मात पुनरुत्थान नाही, शिखांना ‘अवशेष’ हा शब्द चालणार नाही, पादुकांमागचं तत्त्वज्ञान वेगळं आहे. पण गेलेल्या माणसाशी नातं टिकवायला हाताशी काहीतरी लागतं, हे सगळीकडे दिसतं.

सिंधुदुर्ग आणि बेळगावकडून दर नोव्हेंबरला भाविक जुन्या गोव्याला पायी जातात, भजनं म्हणत, वाटेत मुक्काम करत. त्यांचा फोटो मथळ्याशिवाय समोर आला, तर मराठवाड्यातला माणूस पहिल्यांदा एवढंच म्हणेल : दिंडी चालली.