आडवाटेच्या सायकलीची पारख

चाळिशी उलटल्यावर मनुष्य ज्या जुन्या छंदांकडे पुन्हां वळतो, त्यांत सायकलीचा छंद अलीकडे बराच आढळूं लागला आहे. आणि तोही डांबरी रस्त्यावरचा नव्हे, मुरमाच्या व दगडगोट्यांच्या आडवाटेवरचा. देवपुरांतील माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें परवां हाच विषय काढला. कॉलेजांत असतां तो लळिंगच्या पायथ्यापर्यंत सायकल हांकीत असे. आतां बँकेंत नोकरी, बैठें काम आणि वाढतें वजन. 'गुरुजी, सायकल पंचवीस हजारांच्या आंत बसवितों. पण दादा म्हणतात, घरांत दोन स्कूटरी असतां हा खर्च कशाला?' दादांचा प्रश्न रास्त आहे. एकत्र कुटुंबांत एकाच्या हौसेचा पैसा दुसऱ्याच्या शिक्षणाच्या वा औषधपाण्याच्या पैशाला लागूनच ठेवलेला असतो. म्हणून उत्तरही हिशेबीच हवें.

ह्या सायकलीचा जन्म पाहिल्यास तिचें मर्म कळतें. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून धांवत सुटत. १९७६ सालीं तेथें 'रिपॅक' नांवाची शर्यत सुरू झाली. उतरतांना मागच्या चाकाच्या तुंब्यांतील ब्रेक इतका तापे कीं, आंतील वंगण जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. त्यावरून तें नांव पडलें. १९९६ सालीं अटलांटा येथें ह्या खेळाला ऑलिंपिकांत स्थान मिळालें. तात्पर्य, हें वाहन उंची सामानांतून नव्हे, जुन्या सायकलींतून निपजलें. आणि त्याला पहिला धडा ब्रेकनें शिकविला.

निवडतांना प्रथम माप पाहावें. सायकलीच्या आडव्या दांडीवर पाय टाकून, दोन्ही तळवे जमिनीस टेकून उभें राहिलें असतां दांडीच्या वर दोन इंचांची तरी मोकळीक असावी. चुकीच्या मापाची सायकल सवलतींत मिळते म्हणून घेणें म्हणजे गुडघेदुखी विकत घेणें होय. दुसरी गोष्ट ब्रेकची. तारेनें ओढला जाणारा डिस्क ब्रेक स्वस्त असून गांवांतल्या गांवांत दुरुस्त होतो. तेलाच्या दाबावर चालणारा अधिक नेमका, व लांब उतारावर बोटांस कमी शिणविणारा. पैसे पुरत असतील तर दुसरा घ्यावा.

तिसरी गोष्ट चिमट्याची. पुढें आणि मागें दोन्हीकडे स्प्रिंगा असलेली स्वस्त सायकल भारदस्त दिसते खरी. परंतु पायाचें बळ स्प्रिंग दाबण्यांतच खर्ची पडतें व वजनही वाढतें. व्याकरणकारांस अर्ध्या मात्रेचें लाघव प्रिय, तसें चढ चढणाऱ्यास अर्ध्या किलोचें असावें. थोड्या पैशांत पुढेंच स्प्रिंग असलेली सायकल उत्तम. 'एकवीस गिअर' ह्या आंकड्यासही भुलूं नये. पुढची लहान चक्री पुरेशी लहान व मागची मोठी चक्री पुरेशी मोठी असली, म्हणजे चढावर दम टिकतो. टायर दोन इंचांहून रुंद असावे. आणि आपल्या खानदेशांत बाभळीचा कांटा चुकत नसल्यामुळें जोडीला पंक्चर बुजविणारें द्रव, जादा ट्यूब व पंप हवाच.

जुनी सायकल घ्यावयाची झाल्यास सांध्यांवर तडा आहे काय तें पाहावें, चाक फिरवून तें लडबडतें कीं काय तें पाहावें, आणि फूटपट्टीनें साखळी मोजावी. नव्या साखळीच्या चोवीस कड्यांची लांबी बरोबर बारा इंच भरते. ती अष्टमांश इंचानें अधिक भरली, तर साखळीबरोबर मागच्या चक्र्याही झिजल्या असें समजून तितकी किंमत वजा करावी. नव्या सायकलीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. वांचलेल्या पैशांत चांगलें शिरस्त्राण येतें, आणि तें ऐच्छिक मानूं नये.

कारण खरा धोका यंत्रांत नसून स्मृतींत आहे. वीस वर्षांनीं परतणाराचा तोल बहुधा टिकलेला असतो, पण दम आणि हाडांची लवचीकता टिकलेली नसते. चढावर शरीर त्याला आवरतें. उतारावर मात्र जुनी आठवण त्याला पुढें ढकलते, आणि अपघात तेथेंच होतो. हृदयविकार, रक्तदाब वा सांधेदुखी असेल त्यानें वैद्याचा सल्ला आधीं घ्यावा. पहिला महिना नकाणे तलावाकडच्या सपाट कच्च्या वाटांवर काढावा. लळिंगचा दगड मागाहून. वनखात्याच्या हद्दींत परवानगीवांचून शिरूं नये, आणि एकट्यानें कधींच जाऊं नये.

माझ्या विद्यार्थ्यास मीं इतकेंच सांगितलें: एक महिना कोणाची तरी सायकल मागून आण आणि आठवड्यांतून चार पहाटे नेमानें जा. नेम टिकला तरच दादांपुढें विषय काढ. सायकल घेशील ती अशी घे कीं, बसावयाची गादी क्षणांत वरखालीं होईल, म्हणजे तुझ्या उंचीच्या जवळपास असलेला पुतण्याही ती वापरील. ज्या वस्तूचा उपयोग घरांतील दोघां-तिघांस होतो, तिच्या खर्चाची चर्चा फार काळ चालत नाहीं. आणि जी नेम मोडल्यावर अंगणांत उभी राहते, तिच्यावर धुणें वाळत पडतें. मग दादांचाच प्रश्न खरा ठरतो.