रस्ता बंद आहे, पण कोणासाठी?

चेन्नईत बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला तमिळ अक्षरे ओळखता येऊ लागण्याआधीच आणखी एक लिपी शिकावी लागते. ती म्हणजे रस्त्यावरच्या तात्पुरत्या फलकांची लिपी. 'टेक डायव्हर्शन' अशी दोन शब्दांची इंग्रजी आज्ञा, तिच्याखाली तमिळमध्ये 'माट्रुप्पादै' म्हणजे पर्यायी मार्ग, आणि शेजारी एक बाण. बाण बहुधा डावीकडे, पण फलक वाऱ्याने फिरला असेल तर आकाशाकडे किंवा एखाद्या दुकानाच्या दारातही. हा पर्यायी मार्ग नेतो कोठे, मूळ रस्त्याला पुन्हा कोठे मिळतो, कोणत्या वाहनांसाठी आहे आणि किती दिवस आहे, यांपैकी काहीही त्यावर लिहिलेले नसते.

या शहरात हा प्रश्न किरकोळ नाही. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याची पायाभरणी नोव्हेंबर २०२० मध्ये झाली. तीन मार्गिका, सुमारे ११९ किलोमीटर लांबी, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेला ६३,२४६ कोटी रुपयांचा खर्च. मैलापूरच्या लझ चौकाखाली दोन मार्गिका एकमेकींना भेटणार आहेत. माधवरम ते सिपकॉट मार्गिकेवर एका स्थानकाला चक्क रॉयपेट्टाच्या शासकीय रुग्णालयाचे नाव आहे. म्हणजे ज्या पट्ट्यात रस्ते खणले गेले, त्याच पट्ट्यात रुग्णवाहिकांचीही ये-जा असते. मेट्रो व्हावी याबद्दल माझे दुमत नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून तर मी तिचा समर्थकच आहे. माझी तक्रार त्या तीन फुटी पत्र्याबद्दल आहे, आणि त्याहून अधिक, त्या पत्र्याकडे पाहण्याच्या आम्हां प्रशासकांच्या वृत्तीबद्दल.

ती वृत्ती एका वाक्यात सांगता येते: "आपल्या लोकांना शिस्त नाही, ते फलक वाचतच नाहीत." हे वाक्य मी बैठकांतून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे इतिवृत्त मला झोपेतही लिहिता येईल. मला ते साफ अमान्य आहे. आपला वाहनचालक फलक वाचतो, फार बारकाईने वाचतो, आणि आजवरच्या अनुभवावरून त्याचा अर्थ लावतो. तो अर्थ आम्हाला गैरसोयीचा असतो, एवढेच.

'रस्ता बंद' या शब्दांचे अर्थ पाहा. रस्ता खरोखरच खणलेला आहे, हा एक अर्थ. मोटारींना बंद, दुचाकींना वाट आहे, हा दुसरा. पलीकडे जाता येणार नाही, पण मधल्या घरांपर्यंत व दुकानांपर्यंत जाता येईल, हा तिसरा. रात्री बंद, दिवसा खुला. मागच्या आठवड्यात बंद होता, काम संपले, फलक राहिला. या पाचही परिस्थितींत फलक एकच! मग चालक काय करतो? तो फलक सोडून इतर पुरावे गोळा करतो. समोरून एखादी रिक्षा परत येते आहे का? पुढे गेलेली दुचाकी दिसेनाशी झाली, म्हणजे ती पार झाली असावी. कठड्याला एक माणूस जाईल इतकी फट आहे का, आणि तिच्यातून चाकांच्या खुणा गेल्या आहेत का? पोलीस उभा आहे का, आणि असल्यास तो फोनवर बोलतो आहे की हात करतो आहे? चेन्नईचा रिक्षावाला हे सारे दोन सेकंदांत करतो. संख्याशास्त्राच्या वर्गात आम्हाला हीच गोष्ट शिकायला एक सत्र लागले होते.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, ज्याचा २००१ च्या नोबेल पारितोषिकाशी थेट संबंध आहे. चांगली आणि वाईट गाडी ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो सर्वच गाड्यांना कमी किंमत देतो, आणि मग चांगली गाडी बाजारात येईनाशी होते. फलकांचे नेमके तसेच झाले आहे. खरा फलक आणि शिळा फलक दिसायला सारखे, म्हणून चालक दोघांनाही सारखीच कमी किंमत देतो. एका कंत्राटदाराने काम संपल्यावर फलक उचलला नाही, तर त्याचा खर्च वाचतो. नुकसान मात्र शहरातल्या प्रत्येक खऱ्या फलकाचे होते. विश्वास ही येथे गायरान जमीन आहे. चरायला सगळे, राखायला कोणी नाही.

आणि एखाद्या दिवशी फलक खरा असतो, ही यातली भयंकर बाब. एप्रिल २०१७ मध्ये अण्णा सालैवर भरदिवसा रस्ता खचून एक बस आणि एक मोटार खड्ड्यात गेली. खाली मेट्रोच्या भुयाराचे काम चालू होते. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्या दिवशी धोका सांगणारे काही नव्हते. पण असते, तरी किती जणांनी मानले असते, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

आता कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ अन्वये वाहतुकीवर निर्बंध घालता येतात. निर्बंध एक महिन्याहून अधिक काळ राहणार नसेल तर राजपत्रातील अधिसूचनेची आवश्यकता नाही, परंतु परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. म्हणजे 'तात्पुरते' या शब्दाला कायद्याने एक महिन्याचे माप दिले आहे. प्रत्यक्षात मात्र 'प्रायोगिक तत्त्वावर' हे शब्द वर्षानुवर्षे सुखाने नांदतात. कलम ११६ सांगते की चिन्हे पहिल्या अनुसूचीतल्या आकाराची व रंगाची असावीत, आणि त्यांवर राज्य शासनाला योग्य वाटेल त्या लिपीत मजकूर देता येतो. कलम ११९ नुसार चालकावर बंधनकारक ठरणारे चिन्ह म्हणजे ढोबळमानाने लाल कडेची किंवा लाल पार्श्वभूमीची गोल तबकडी. कापडावर छापलेले 'टेक डायव्हर्शन' या व्याख्येत कसे बसते, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. कठड्यावर तर अनेकदा सराफाचे किंवा साड्यांच्या दुकानाचे नाव एवढे ठळक असते की बंदी रस्त्यावर आहे की साड्यांवर, असा संभ्रम पडावा.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ५५ या मार्गदर्शिकेत कामाच्या जागेचे विभाग पाडून दिले आहेत: आगाऊ सूचनेचा, वाहतूक वळवण्याचा, प्रत्यक्ष कामाचा, आणि पुन्हा मूळ मार्गावर आणण्याचा. आमच्याकडे पहिला व शेवटचा विभाग सहसा गायब असतो. चालकाला बातमी कळते ती कठड्यापाशी, जेव्हा मागे वाहनांची रांग लागलेली असते.

काही महिन्यांपूर्वी रात्री साडेदहाच्या सुमारास मी एका फलकावरून डावीकडे वळलो. पुढे दुसरा बाण उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे, आणि चौथ्या ठिकाणी काहीच नाही, फक्त एक भिंत. माझ्या मागे सहा मोटारी आणि एक रुग्णवाहिका. सायरन वाजत होता आणि आम्ही सगळे अरुंद गल्लीत एकेक करून मागे सरत होतो. त्यात अकरा मिनिटे गेली. आत कोण होते, पुढे काय झाले, मला माहीत नाही. परतताना पहिला फलक उतरून पाहिला. त्यावर खात्याचे नाव नव्हते, दूरध्वनी क्रमांक नव्हता, दिनांक नव्हता. मेट्रो, गटार की वीजवाहिनी, काही कळायला मार्ग नाही. तक्रार करावी तर कोणाविरुद्ध? निनावी पत्राची आम्ही दखल घेत नाही, आणि नागरिकाने मात्र निनावी फलकाची घ्यायची!

परदेशस्थ वाचकांना यात काही नवे शोधावे लागत नाही हे ठाऊक आहे. अमेरिकेत 'रस्ता बंद' आणि 'पलीकडे जाणाऱ्या वाहतुकीस बंद, स्थानिकांना खुला' हे दोन वेगळे प्रमाणित फलक आहेत, आणि तात्पुरत्या कामांच्या सूचनांसाठी नारिंगी रंग राखून ठेवला आहे. ब्रिटनमध्ये वळवलेल्या मार्गावर पिवळ्या पार्श्वभूमीवर काळा चौकोन, त्रिकोण किंवा वर्तुळ असते. तेच चिन्ह धरून जायचे, भाषा येवो न येवो. तमिळ, तेलुगू, हिंदी आणि मराठी भाषक एकाच सिग्नलला उभे असतात त्या शहराला यापेक्षा स्वस्त उपाय कोणता? पुण्याच्या पाट्यांची चेष्टा आपण पुष्कळ केली, पण त्यांतून काय करू नये याबद्दल कोणाच्या मनात शंका राहत नाही, हे मान्य करावे लागेल.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले. रस्त्याच्या रचनेचे, बांधकामाचे वा देखभालीचे मानक न पाळल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरणाला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. हजारो कोटींच्या कामात एक लाख! शिवाय तो कोणीतरी मेल्यावर किंवा अपंग झाल्यावर. माझ्या मते दंडापेक्षा देयकाकडे पाहावे. फलकांसाठी निविदेत स्वतंत्र बाब असावी, तिचे पैसे दरमहा आणि प्रत्यक्ष पाहणीनंतरच मिळावेत, आणि शेवटचा हप्ता फलक उचलल्यावर. प्रत्येक फलकावर खाते, क्रमांक, सुरुवातीचा व समाप्तीचा दिनांक. समाप्तीनंतर उभा असलेला फलक कोणत्याही वाहतूक पोलिसाला उचलून नेता यावा.

हे एका अभियंता मित्राला सांगितले. तो म्हणाला, दिनांक लिहिणे अशक्य, कारण काम केव्हा संपेल हे आम्हालाच ठाऊक नसते. मी म्हटले, मग तेच लिहा.