रिव्हॉल्व्हर घेताना: किंमत आधी की सर्व्हिस?

या सदरात आपण वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टरची बॅटरी, जुनी कार अशा खरेद्यांचा हिशोब मांडला. या वेळचा विषय ऐकून पुण्या-मुंबईचे पाहुणे दचकतील, पण ग्वाल्हेर-चंबळकडच्या वाचकांना नवल वाटू नये. परवान्याचं शस्त्र आपल्याकडे पुष्कळ घरांत असतं.

माझ्या आतेभावाचा मुरैना रस्त्यावर पेट्रोल पंप आहे. दिवसभराची रोकड घेऊन तो रात्री घरी येतो. बऱ्याच खेपा घातल्यावर त्याला परवाना मिळाला, तेव्हा म्हणाला, "तू मिक्सर घेतानासुद्धा एक्सेल करतोस. आता याचंही कर."

त्याच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, ओळखीतल्या एका आजोबांचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करणं जवळजवळ बंद झालं, त्यामुळे या जुन्या वस्तूंना नावापोटीच भरमसाट भाव येतो. दुसरा, कुणीतरी वापरलेलं सरकारी कारखान्याचं .३२ बोअर, चांगलंच स्वस्त. तिसरा, विक्रेत्याकडून नवं कोरं.

नव्याच्या किमती कमी नाहीत. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण ५०० ग्रॅमचं 'निर्भीक' आणलं, तेव्हाच ते सव्वा लाखाच्या आसपास होतं. २०२३ मध्ये 'प्रबळ' आलं. त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. जुन्या .३२ मध्ये काडतुसं भरायला अख्खं रिव्हॉल्व्हर मधून मोडावं लागतं, वेब्लीसारखं. त्यात आता जीएसटी ४० टक्के. साहजिकच दादाचा जीव दुसऱ्या पर्यायात अडकला होता.

मी एक्सेलमध्ये किमतीचा रकाना शेवटी ठेवला. पहिला रकाना होता, 'बिघडलं तर कोण दुरुस्त करणार?'

मोटारसायकल आपण कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेतो. इथे तसं चालत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. म्हणजे स्प्रिंग तुटली तरी मोजक्याच जागा उरतात. विलायती रिव्हॉल्व्हरचा सुटा भाग मिळणं आणखी कठीण. म्हणून विक्रेत्याला वॉरंटी किती वर्षांची हे विचारून थांबू नका. पुढचेही प्रश्न विचारा: वस्तू तुम्हीच जमा करून घेणार की मला कारखान्याचा रस्ता दाखवणार? किती दिवस लागतात? तोवर माझ्याकडे पावती कसली असेल? वॉरंटीत काय धरलंय, काय नाही? हे सगळं बिलासोबत लिहून घ्या, आणि बिलावरचा शस्त्राचा क्रमांक परवान्यावरच्या नोंदीशी जुळवा.

दुसरा रकाना भरवशाचा. रिव्हॉल्व्हरचा मोठा गुण असा की एखादं काडतूस उडालं नाही तर घोडा पुन्हा दाबायचा, सिलिंडर फिरून पुढचं काडतूस समोर येतं. पण वापरलेल्या वस्तूत सिलिंडर ढिलं झालेलं असेल, नळीशी नीट जुळत नसेल, तर हा गुणच संपतो, आणि चुकीच्या जागी थांबलेलं सिलिंडर चालवणाऱ्यालाच इजा करू शकतं. आम्ही ऑफिसात म्हणतो, बॅकअप घेतलाय हे ठीक, पण रिस्टोअर करून पाहिलंय का? तसंच इथे. वापरलेलं घ्यायचंच असेल तर परवानाधारक कारागिराकडून आधी तपासून घ्या.

वॉरंटीने भाग बदलून मिळतो. ज्या रात्री वस्तू चालली नाही, ती रात्र भरून मिळत नाही. आणि निम्मा भरवसा काडतुसांवर असतो. आपल्या पुण्याच्या खडकी कारखान्याची .३२ काडतुसं इथे मिळतात, पण ती दहा वर्षं कपाटात दमट ठेवली तर दोष कारखान्याचा नाही. निवडणुकीत शस्त्र जमा करावं लागतं. परत आणल्यावर गंज पाहणं, साफ करणं हेही त्यात आलंच.

तिसरा रकाना वहिनीने घातला. "दोन लहान पोरं आहेत. ते घरात ठेवणार कुठे?" २०१६च्या शस्त्र नियमांत सुरक्षित ठेवण्याची आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे, पण वहिनीचा प्रश्न नियमांपेक्षा कडक होता. भिंतीत पक्का बसवलेला लॉकर, काडतुसं वेगळ्या कुलपात, हा खर्चही किमतीत धरला. तेव्हा स्वस्त आणि महाग यांतला फरक टक्केवारीत बराच कमी दिसू लागला.

दादाने शेवटी नवं घेतलं, तेही गावातल्या अशा विक्रेत्याकडून ज्याचं स्वतःचं परवानाधारक वर्कशॉप आहे. दुसऱ्या शहरातला विक्रेता काही हजार कमी सांगत होता, पण प्रत्येक तक्रारीला शस्त्र घेऊन तिथवर जायचं म्हणजे परवान्याचं क्षेत्र बघा, पंप बंद ठेवा. वहिनीच्या सांगण्यावरून त्याने आणखी एक केलं: बँकेच्या गाडीने पंपावरूनच रोकड उचलण्याची सोय लावून घेतली. आता रात्री त्याच्या पिशवीत फारसं काही नसतं. माझ्या मते सगळ्या एक्सेलमधला सर्वांत भरवशाचा पर्याय तोच निघाला, आणि त्याला वॉरंटी लागत नाही.

पुढच्या वेळी छतावरचं सोलर घेऊ. २५ वर्षांची वॉरंटी नेमकी कशाची असते ते पाहू. तुमचे प्रश्न मंडळाच्या ईमेलवर जरूर पाठवा.