नुरा कुस्ती आणि खरी मजुरी

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा विषय निघाला की आपल्यातील बरेच पुरोगामी नाक मुरडतात. निकाल आधीच ठरलेला, सारी नुरा कुस्ती. तिच्यावर कसली पत्रकारिता आणि कसली समीक्षा, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल वरकरणी चोखंदळ अभिरुचीचा वाटतो; वस्तुतः तो मालकाच्या सोयीचा आहे. निकाल ठरलेला असतो म्हणून पडणाऱ्याचा मणका सुरक्षित राहतो असे नाही. नाटकातला मृत्यू खोटा असतो, नटाची मजुरी खोटी नसते.

या धंद्याने आपले गुपित पिढ्यान्‌पिढ्या जपले. डिसेंबर १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉन स्टॉसेल या दूरचित्रवाणी वार्ताहराने डेव्हिड शुल्ट्झ या मल्लासमोर हे सारे बनावट असल्याचे मत बोलून दाखविले. उत्तरादाखल त्याच्या कानांवर थपडा बसल्या. पुढे १९८९ साली व्हिन्स मॅकमहन यांच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच कबूल केले की, ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. कारण उघड आहे. खेळ म्हटला की सरकारी देखरेख आली आणि करही आला. सत्य तेच, वार्ताहराने उच्चारले तर थप्पड, मालकाने उच्चारले तर करमुक्ती!

खरा बनाव आखाड्यात नाही, करारपत्रात आहे. तेथे मल्लाला ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हटले जाते. त्याने कोठे, केव्हा आणि कोणाकडून चितपट व्हायचे हे कंपनी ठरविते. आरोग्यविमा मात्र त्याने स्वतःच्या खिशातून काढायचा. २०२० साली तर फावल्या वेळात इंटरनेटवरील त्रयस्थ माध्यमांतून चार पैसे मिळविण्यासही कंपनीने मनाई केली. ही कसली स्वतंत्रता? १९८६ साली जेसी व्हेंच्युरा यांनी सहकाऱ्यांपुढे संघटनेचा विषय काढला. हल्क होगन या सर्वांत मोठ्या ताऱ्याने ती बातमी मालकाच्या कानी घातली, हे पुढे न्यायालयीन साक्षीतून उघड झाले. संघटना झालीच नाही.

जेथे युनियन नाही, तेथे निदान नोंद ठेवणारा तरी हवा. बाजारातील रंगीत मासिके त्या काळी कथानकालाच बातमी म्हणून छापीत. अशा वेळी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियातील डेव्ह मेल्ट्झर यांनी ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ हे वार्तापत्र चालविले. १९८७ मध्ये वेड केलर यांचे ‘टॉर्च’ आले. टपालाने जाणारी, वर्गणीवर जगणारी ही पत्रे. तिकीटविक्री, करार, दुखापती, मृत्युलेख यांचा हिशेब त्यांनी आठवड्यामागून आठवडे मांडला. अर्थशास्त्राचा साधा नियम आहे: पत्राचा खर्च जो उचलतो, त्याच्याकडे पत्राचे तोंड असते. येथे तो खर्च मालक उचलीत नव्हता, वाचक उचलीत होता.

मोठी वृत्तपत्रे आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि त्यांनी काम केले नाही असे नव्हे. १९९७ पासूनच्या ७ वर्षांत ४५ किंवा त्याहून कमी वयाचे किमान ६५ मल्ल मरण पावल्याचे ‘यूएसए टुडे’ने २००४ साली छापले. मॅकमहन यांनी १६ वर्षांत ४ स्त्रियांना मौनापोटी १ कोटी २० लाख डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे करार केल्याचे वृत्त ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने जुलै २०२२ मध्ये दिले. परंतु प्रेते साठांच्या घरात जावीत किंवा शेअरबाजार हलावा, तेव्हा ही पत्रे येतात. पाहुणी म्हणून येतात आणि जातात. सामना संपल्यावर गुडघ्याला बर्फ लावून बसलेल्या चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या मल्लाची रोजची वही त्यांच्यापाशी नसते.

तथापि या स्वतंत्र समीक्षेलाही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. मेल्ट्झर सामन्यांना तारे देतात आणि पाच तारे हा मल्लांच्या दृष्टीने मोठा सन्मान झाला आहे. अधिक उंचावरून पडावे, अधिक जोखीम घ्यावी, म्हणजे तारा वाढतो. समीक्षकाला न कळत त्याची दादही कामाचा वेग वाढविणाऱ्या मुकादमाचे काम करू लागते. कलेचे मोल करताना ती कोणत्या अटींवर निर्माण झाली हे जो सांगत नाही, तो समीक्षक अर्धाच हिशेब मांडतो. ताऱ्यांशेजारी मजुरीचा आणि दुखापतींचा रकानाही हवा.

जानेवारी २०२५ पासून या कंपनीचा साप्ताहिक कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आला आहे. १० वर्षांच्या त्या कराराची किंमत ५०० कोटी डॉलरांच्या पुढे जाते. एवढ्या पैशापुढे वर्गणीवर चालणारे वार्तापत्र किती क्षुद्र! पण वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार हिंडलेल्या कार्यकर्त्याला त्या क्षुद्रतेचे बळ समजावून सांगण्याची गरज नाही. नुरा कुस्ती म्हणून हसण्यापूर्वी त्याने एवढेच विचारावे: या खेळात पडतो कोण, आणि पैसे कोणाच्या खिशात पडतात? हा प्रश्न आठवड्यामागून आठवडे विचारणारा पत्रकार, विषय कोणताही असो, आपल्या बाजूचा आहे.